सायकलचा स्टँड आणि सुट्टेवाले काका

आधीच माफी मागून घेते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही विदर्भातल्या एका खेड्यात, आणि आमचे गुरुजी पेरणीच्या दिवसांत वर्गात कमी आणि शेताच्या धुऱ्यावर जास्त दिसायचे. ऱ्हस्व-दीर्घ मी मिठासारखं अंदाजाने टाकते. अक्षराचं म्हणाल तर एकदा दारावर लावलेली माझी चिठ्ठी दूधवाल्याने उलटी धरून वाचली आणि त्याला काही फरक जाणवला नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण वही घरात पडली की कुणाच्या ना कुणाच्या हाती लागतेच, म्हणून सांगून ठेवलं.

गोष्ट माझ्या सायकलची आहे. खरं तर सायकल जिच्यावर टांगून दुरुस्त करतात त्या घोडीची. दुकानात तिला स्टँड म्हणतात, म्हणून मीही स्टँडच म्हणते.

आम्ही जबलपूरला मदन महलच्या बाजूला राहतो. आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झाले. मी घरी पोळ्या करते आणि आसपासच्या मराठी घरांत सायकलवरून डबे पोचवते. सणाला पुरणपोळी, श्रीखंड. काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बेल वाजवायची, डबा द्यायचा, निघायचं. मला लोकांशी बोलायचं म्हटलं की घशात पोळीचा घास अडकल्यासारखं होतं. त्यामुळे पैसेही मागता येत नाहीत. कुणी दिले तर घेते. कुणी नाही दिले तर मान हलवून सायकलवर बसते, जणू मीच त्यांचं देणं लागते.

यात सगळ्यांत वरचढ होते एक रिटायर्ड साहेब. त्यांना आमच्या घरात सुट्टेवाले काका म्हणायचे. डबा हातात आला की ते खिसा चाचपडायचे आणि म्हणायचे, "अरेरे, सुट्टे नाहीत. पुढच्या वेळी एकदम देतो हं." दिवाळीच्या चकल्यांपासून त्यांच्याकडे सुट्टे नव्हते.

आता सायकल. काळी, लेडीज, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर. आमच्या भागात चढ-उतार फार. चढावर जोर लावला की चेन उतरायची. मग नाक्यावरच्या दुकानात जावं लागायचं. दुकानवाला भैया माणूस चांगला, पण त्याच्या दुकानापुढे बाकावर चहा पिणाऱ्यांचा दरबार भरलेला असायचा. सायकल मध्ये उभी, मी कडेला उभी, आणि प्रत्येकाचं काही ना काही मत.

"दीदी की चेन फिर उतर गई।"

"चेन नहीं भाई, सायकिल ही उतर गई है, उमर से।"

"दीदी, इसको भी पेन्शन दिला दो।"

सगळे हसायचे. मी पदर तोंडाशी धरून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. शेवटी मी ठरवलं की चेन उतरली तर सायकल ढकलत घरी आणायची. पोळ्या गार व्हायच्या, लोक कुरकुरायचे, पण दरबार टळायचा.

मुलगी कॉलेजात आहे. मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. तिने एक दिवस फोन माझ्यापुढे धरला. "मम्मी, देखो, ये आंटी खुद ही चेन चढा रही हैं। तुम भी कर लो ना।" पाहिलं तर खरंच एक बाई होती, हातात पाना, समोर सायकल हवेत. चाक कसं गरगर फिरून राहिलं होतं! मला ते फार आवडलं. चेन चढवणं काही कठीण नव्हतं. अडचण एकच, ती सायकल हवेत होती आणि माझी जमिनीवर. पूर्वी माझ्या सायकललाही मागे दोन पायांचा स्टँड होता, त्यावर मागचं चाक उचललं जायचं. तो गंजून तुटला आणि त्या जागी एका पायाचा आला. पुन्हा दोन पायांचा बसवायचा तर दरबारात जावं लागणार.

मग घरातच प्रयोग सुरू झाले.

पहिला प्रयोग, सायकल उलटी करणं. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. टोपली चेपली, घंटी एकदा वाजली ती दबूनच राहिली, आणि मी चेनला घातलेलं तेल ओघळून यांच्या पेपरवर पडलं. तेलही गोडं तेल, फोडणीचं. घरात दुसरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चेनवर मुंग्यांची रांग लागली, आणि शेजारची मांजर पॅडलपाशी जीभ चाटत बसून होती.

दुसरा प्रयोग यांचा. यांचं म्हणणं, "आयुष्य मशीनमध्ये गेलं माझं. स्टँड विकत काहून आणायचा? मी बनवतो." माळ्यावर जुन्या उभ्या पंख्याचा दांडा पडून होता. त्यावर यांनी सायकल सीटपाशी तारेने बांधली. उभी राहिली! हे मागे सरून कमरेवर हात ठेवून बघत होते, आणि सायकल हळूहळू मान वळवायला लागली. आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. "मम्मी, हवा नहीं आ रही," मुलगी म्हणाली. तेवढ्यात दांडा बुडातून वाकला आणि सायकल कपाटाला टेकून झोपली.

तिसरा प्रयोग माझा, आणि तो सांगायला लाज वाटते. आमच्या पुढच्या खोलीत छताला कडी आहे. मुलीचा पाळणा तिथेच बांधला होता. मी एक जुनी सुती साडी कडीतून ओवून घेतली, सायकलच्या पोटाखालून नेली आणि गाठ मारली. मागचं चाक जमिनीवरून वर आलं. मी खाली बसून चेन चढवत होते, सायकल मंद झोके घेत होती, आणि त्याच वेळी दारात माझ्या नणंदबाई उभ्या.

नणंद इथल्याच जवळच्या पाटनला दिलेली आहे. त्यांच्या यजमानांचा धान्याचा व्यापार. यांच्यापेक्षा लहान, मी ताई म्हणते, पण आवाजाने सगळ्यांपेक्षा मोठी. थंडीत ताज्या मटारची पिशवी घेऊन येतात, तशा आल्या होत्या. पिशवी हातातच राहिली. साडीत झुलणारी सायकल त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "बारशाला बोलावलंसुद्धा नाही? नाव काय ठेवलं?"

हे म्हणाले, "चेन दुरुस्त करून राहिली ती."

"अच्छा. मुलगा की मुलगी?"

"लेडीज आहे," हे म्हणाले. यांना थट्टा कळायला वेळ लागतो.

ताई खुर्चीत बसून इतक्या हसल्या की मटार खोलीभर सांडले. मटार वेचता वेचता मुलीने त्यांना सगळं सांगितलं, दरबार, पंखा, मुंग्या, सगळं. फोनवर खरा स्टँडही दाखवला. ताई हसायच्या थांबल्या. "मग घ्या ना एक. दादा, तू काहून घेऊन देत नाहीस?"

"एवढ्या पैशात जुनी सायकल येते," हे म्हणाले.

"तू गप. वहिनी, मी देते तीन हजार. पण उसने हं, भेट नाही. भेट दिली की तुम्ही ती कपाटात ठेवता, माझ्या बरण्या अजून तशाच आहेत. गुढीपाडव्याला मी येईन तेव्हा पूर्ण परत. नाही झाले तर स्टँड माझा. पाटनला नेईन, लौकीचा वेल चढवायला चांगला आहे."

त्या हसत बोलल्या, पण त्या बोलतात तसं करतात. मी मान हलवली. या घरात भांडी आली, पंखे आले, टीव्ही आला, सगळं सगळ्यांचं. फक्त माझ्या कामाचं म्हणून आलेलं पहिलं तेच असणार होतं.

स्टँड निवडण्यात दोन दिवस गेले. स्वस्तातला एक होता, तो मागचं चाक फक्त थोडं उचलायचा. मला वाटलं पुरे. मुलगी म्हणाली, "मम्मी, इसमें तुमको ज़मीन पर बैठना पड़ेगा, फिर तुम्हारा घुटना।" गुडघ्याचं खरं होतं. दुसरा उंच, तीन पायांचा, वर आडवा हात आणि त्याच्या टोकाला रबराचा जबडा. उंची कमी-जास्त होते, आणि एक मूठ ढिली केली की जबडा कोणत्याही बाजूला वळतो. हे म्हणाले, "वजन विचार. आपली सायकल म्हशीसारखी आहे." मग मुलीने लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, हलकी सायकल ठीक, भारी सायकलने पाय सरकला. तो आम्ही सोडला. जो घेतला त्याचे पाय रुंद पसरायचे आणि नळी जाड होती. रंग लाल मिळत होता, पण मी काळाच मागवला. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

पहिल्या दिवशी तो सायकलसकट आडवा झाला, हळूहळू, एखादा म्हातारा नमस्काराला वाकतो तसा, थेट यांच्या मांडीवर. मग कळलं की तीन पायांपैकी एक पाय सायकलच्या पोटाखाली आला पाहिजे, म्हणजे भार त्याच्यावर पडतो. टोपली आणि डबे आधी काढायचे. जबड्याने सीटखालचा दांडा धरायचा, ब्रेकची वायर असते तिथे नाही, नाहीतर ब्रेक आपोआप लागून राहतो आणि आपण तासभर चाकाला शिव्या देतो. चेन का उतरते तेही समजलं. मागचं चाक पुढे सरकून चेन ढिली व्हायची. दोन्हीकडचे नट ढिले करायचे, चाक मागे ओढायचं, आणि दोन्ही नट सारखे आवळायचे. एक जास्त आवळला की चाक तिरकं बसतं आणि घासतं. तेल सायकलचंच घालायचं. मांजर नाराज झाली, पण येत राहिली.

मला तो स्टँड इतका आवडला की तो रिकामा राहू नये असं वाटायचं. श्रीखंडासाठी दह्याचं फडकं मी त्याच्यावरच टांगायला लागले. उंची बरोबर, खाली पातेलं बरोबर. मुलगी ओरडली, "मम्मी! ग्रीस वाला श्रीखंड खिलाओगी लोगों को?" मग मी जबड्याला जुनी उशीची खोळ घालायला लागले. दह्यासाठी खोळ, सायकलसाठी बिनखोळ.

होळीपर्यंत मी हजार रुपये फेडले. दोन हजार राहिले. पाडव्याच्या श्रीखंडाची मागणी भरपूर आली होती, त्यातून ते सहज निघणार होते. फक्त लोकांनी डबा घेताना पैसे द्यायला हवे होते. माझ्या मनात तेवढंच एक होतं. मागायला तोंड उघडलं नाही तर स्टँडवर लौकी लागणार होती.

पाडव्याच्या सकाळी यांना एक कल्पना सुचली. आमची गुढी दरवर्षी गॅलरीच्या गजाला बांधतो आणि दरवर्षी ती दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसते. हे म्हणाले, "जबडा आहे ना!" स्टँड अंगणात नेला, पाय पसरले, काठी जबड्यात धरली. वर रेशमी खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, त्यावर पालथा तांब्या. इतकी सरळ गुढी आमच्या घरात कधी उभी राहिली नव्हती. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, मी कॅरियरला श्रीखंडाचे डबे बांधले, फाटकाबाहेर पहिलं पॅडल मारलं आणि चेन उतरली. नुसती उतरली नाही, मागची दातेरी चकती आणि चाक धरणारा चिमटा यांच्या मध्ये घट्ट अडकली. आदल्या दिवशी घाईत मी एकच नट नीट आवळला होता.

मी सायकल परत अंगणात आणली, डबे सोडून टेबलावर परातीशेजारी ठेवले आणि स्टँडकडे पाहिलं. स्टँडवर गुढी. पूजा झालेली. संध्याकाळी उतरवेपर्यंत तिला हलवायची नाही.

"थोडी बाजूला..." मी म्हटलं.

"देवाला बाजूला?" हे म्हणाले.

त्याच वेळी ताई आल्या. संध्याकाळी येणार होत्या, पण सणाचं जेवण आमच्याकडे जेवायचं म्हणून लवकर आल्या. अंगावर जरीची साडी, नाकात नथ. त्यांनी गुढीखालचा स्टँड पाहिला, माझं तोंड पाहिलं. "बरं केलं, पूजा करून ठेवली," त्या म्हणाल्या. "मला नेताना बरं वाटेल."

मी रडायच्या बेतात होते. ते बहुतेक त्यांना दिसलं. त्यांनी नथ काढून भावाच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि कॅरियरला धरून सायकल मागून उचलली. "बघता काय? चढवा चेन. मी आहे घोडी."

मी खाली बसले. ताई वरून बोलत होत्या, "लवकर करा, माझी साडी चुरगळून राहिली." मुलगी फोनवर काही तरी करत होती. विचारलं तर म्हणाली, "सबको बता दिया। सायकिल बिगड़ गई है, आप लोग खुद आकर डिब्बा ले जाओ।"

माझ्या हातातला पाना पडला. सगळे? इथे? ज्या लोकांशी दोन शब्द बोलायचं टाळायला मी वर्षानुवर्षं सायकल चालवली, ते सगळे एकदम माझ्या अंगणात?

आले. नव्या कपड्यांत, जोडीने. त्यांना अंगणात दिसलं ते असं: स्टँडवर गुढी, जरीच्या साडीत एक बाई सायकल उचलून उभी, आणि खाली नाकाला ग्रीस लागलेली मी. पहिल्या बाईंनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही.

"डबा त्या टेबलावर," ताई सायकल न सोडता गरजल्या. "पैसे त्या परातीत. मोजून."

लोकांनी मुकाट्याने परातीत पैसे ठेवले. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी चेन ओढायची विसरले. हे एवढं सोपं असतं? म्हणायचं आणि लोक ठेवतात?

मग सुट्टेवाले काका आले. कडक इस्त्रीचा कुर्ता. डबा त्यांनी आधी काखेत घेतला, मग खिसा चाचपडला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. मुद्दामच.

काकांनी खिशातून रिकामा हात काढला आणि विषय बदलला. "वा, गुढी फारच सरळ आहे. हे यंत्र कोणतं?"

यांना एवढंच पाहिजे होतं. "अहो साहेब, हा सायकलचा स्टँड. कोणत्याही कोनात वळतो. ही मूठ आहे ना, ही अशी..." आणि यांनी मूठ ढिली केली.

गुढी वाकली. सावकाश, अदबीने, खण सावरत, थेट काकांच्या तोंडासमोर आली. तांब्या यांनी हवेत झेलला. कडुलिंब काकांच्या चष्म्यावर बसला आणि साखरेची गाठी त्यांच्या एका कानात अडकून लोंबत राहिली.

कुणी हसेना, सणाचा दिवस होता. फक्त मुलीच्या फोनचा फोटो काढल्याचा आवाज आला.

"काका," ताई हळूच म्हणाल्या, आणि त्या हळू बोलतात हे मी पहिल्यांदा ऐकलं, "गुढी स्वतः मागायला आली."

ते ऐकून मला इतकं हसू फुटलं की घशातला तो घास कुठे गेला कळलंच नाही. मी पाना हातात घेऊनच उठले आणि म्हटलं, "काका, दिवाळीच्या चकल्या आणि त्यानंतरच्या पोळ्या पण बाकी आहेत. सुट्टे मी देते."

माझाच आवाज होता. हे तांब्या छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिले.

काकांनी कानातली गाठी काढली, कुर्त्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि नोटा काढल्या. आतला खिसा असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी सुट्टे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. बोटांचे काळे ठसे त्यांच्या तळव्यावर उमटले. फाटकापाशी ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "हा स्टँड कितीला पडला?"

"आता सोडू का?" ताई ओरडल्या. "माझे हात गेले!"

चेन चढली होती. दोन्ही नट नीट आवळले. गुढी यांनी सरळ केली, तांब्या पुन्हा चढवला, हात जोडून माफी मागितली आणि मूठ इतकी घट्ट केली की संध्याकाळी गुढी उतरवताना ती हलेना. पाना लावावा लागला.

जेवणं झाली. ताईंची पाटनची गाडी होती. मी परात घेऊन त्यांच्यासमोर बसले, दोन हजार वेगळे काढले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले. परातीत त्यानंतरही बरेच उरले होते. ताईंनी बोटाला थुंकी लावून मोजले. एका नोटेवर श्रीखंड लागलं होतं, ते पुसून पुन्हा मोजले.

"पूर्ण आहेत. स्टँड तुमचा," त्या म्हणाल्या आणि पैसे पर्समध्ये टाकले.